घुबडाची पेटी कोण साफ करतं?

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून शेतात आणि परसात घुबडांसाठी लाकडी पेट्या लावण्याकडे मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा ओढा वाढतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. पेटी लावल्यावर दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. आत एवढी घाण साचली आहे, ती पाखरू काढतं की आपण काढायची? यावर मोबाइलवर दोन प्रकारची उत्तरं फिरत असतात. घुबड घरट्यात साप पाळतं आणि तो साप घर झाडतो, हे एक. दर नोव्हेंबर ते जानेवारीत पेटी रिकामी करून धुवा, हे दुसरं. पहिल्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं. दुसरा सल्ला विलायतेतल्या ऋतूंना धरून आहे. आपल्याकडे तो तसाच पाळला तर अंडी फुटतील, पिलं मरतील. म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच सांगायला हवं की घुबड घरटं झाडत नाही. चिमणी किंवा साळुंकीच्या लहान पिलांची विष्ठा पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बांधलेली असते. आई-बाप ती चोचीत धरून घरट्याबाहेर टाकून येतात. घुबडाच्या पिलांना अशी पिशवी नसते. पिलू जरा मोठं झालं की भिंतीकडे पाठ करून चुन्यासारखी पांढरी पिचकारी सोडतं आणि ती लाकडावर वाळते. त्यात गोळ्यांची भर पडते. घुबड उंदीर अख्खा गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा पोटात गोळा बांधला जातो आणि तो तोंडावाटे बाहेर टाकला जातो. पिलू दोन-अडीच आठवड्यांचं झालं की तेही अख्खा उंदीर गिळू लागतं आणि तिथून पेटीत गोळ्यांचा खच पडू लागतो. उंदीर मुबलक असले तर नर रात्री गरजेपेक्षा जास्त आणून टाकतो आणि दोन-चार मेलेले उंदीर कोपऱ्यात पडून राहतात. वास येतो. हा वास रोगाची खूण नाही, भरल्या घराची आहे.

मग ही पेटी सडून का जात नाही? कारण त्या केराच्या थरात वेगळीच वस्ती असते. उंदराच्या ताज्या मांसावर आधी माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात. मांस सुकलं की चामडं खाणारे छोटे भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या येतात. गोळ्यांमधले केस कसरीच्या जातीचे पतंग फस्त करतात. लोकरीचं कांबळं खाणारी कसर असते ना, तिच्याच गोतातले. माशांच्या अळ्या खाणारे काळे चकचकीत भुंगेरेही असतात. या सगळ्यांनी मिळून वर्षभराचा केर भुरभुरीत, कोरड्या, काळपट भुशासारखा होतो. पिलांना तोच मऊ अंथरूण म्हणून पुरतो. गव्हाणी घुबड पेटीत एक काडीही आणत नाही, चुरडलेल्या गोळ्यांवरच अंडी घालतं. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो ती त्याची गादी आहे.

आता सापाची गोष्ट. ती अमेरिकेतल्या टेक्सासची आहे. तिथल्या बेलर विद्यापीठातले फ्रेडरिक गेलबाख आणि रॉबर्ट बाल्ड्रिज यांनी १९८७ साली ‘ईस्टर्न स्क्रीच आउल’ या छोट्या घुबडाबद्दलचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. हे घुबड पिलांसाठी आणलेलं बाकी भक्ष्य मारून आणतं, पण गांडुळाएवढे आंधळे साप मात्र घरट्यात जिवंत पोचतात. त्यातले काही खाल्ले जातात. बरेचसे केरात शिरून तिथल्या मऊ अळ्यांवर जगतात. ज्या घरट्यांत असे साप राहत होते तिथली पिलं त्याच हंगामातल्या बिनसापाच्या घरट्यांतल्या पिलांपेक्षा वेगाने वाढली आणि कमी मेली. साठवलेल्या मांसावर अळ्या वाटेकरी होतात, काही पिलांच्या अंगालाही लागतात, आणि साप त्यांची संख्या आवरतो, असा अर्थ या अभ्यासकांनी लावला. तेव्हा साप घर झाडतो हे खरं नव्हे. तो विष्ठेला तोंड लावत नाही, हाडं उचलत नाही. जास्तीच्या अळ्या तेवढ्या खातो. घुबड त्याला ‘पाळतं’ असं म्हणायलाही आधार नाही.

त्याच घराण्यासारखा जगणारा साप आपल्या मातीत आहे, तो म्हणजे वाळा. बोटभर-वीतभर लांब, काळपट तपकिरी, दोन्ही टोकं सारखीच दिसणारा. कुंडीची माती उकरताना, उकिरड्याखाली किंवा पहिल्या पावसानंतर न्हाणीघरात तो दिसतो. गांडूळ समजून कोणी सोडून देतं, साप समजून कोणी चिरडतं, तर कानात शिरेल म्हणून कोणी मीठ टाकतं. तो चावून कुणाला इजा करत नाही. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या आणि कोष हे त्याचं खाणं. गांडुळाच्या अंगावर कडी-कडी दिसतात आणि ते ओलसर असतं. वाळ्याचं अंग कोरडं, चकचकीत असतं आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. घुबडाच्या पेटीत तो दिसला तर राहू द्यावा. पण वरची गोष्ट वाचून कुणी अंगणातला वाळा पकडून पेटीत नेऊन टाकू नये, ही हात जोडून विनंती. त्याला ओल लागते. मे महिन्यात तापलेल्या लाकडी पेटीत तो काही तासांत वाळून मरेल.

आता वेळापत्रक, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आपल्या परसात येणारी घुबडं मुख्यतः दोन. एक पिंगळा, दिवसाही विजेच्या तारेवर बसून डोळे वटारणारा. दुसरं गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचं, गढीच्या पडक्या बुरुजात आणि बाजार समितीच्या गोदामाच्या माळ्यावर राहणारं. पिंगळ्याचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तीन-चार अंडी, महिनाभर उबवण, मग महिनाभर पिलं पेटीत. म्हणजे विलायती सल्ल्याप्रमाणे जानेवारीत पेटी उघडणारा माणूस नेमका अंड्यांवर हात घालतो. पिंगळ्याची पेटी साफ करायला आपल्याकडे मेचा शेवटचा आठवडा ते जुलै हा काळ बरा. पिलं उडून गेलेली असतात आणि पेरणीच्या धामधुमीत एखादी संध्याकाळ काढता येते. मृगाच्या सरी येण्याआधी उरकलं तर आणखी चांगलं, कारण पेटी उन्हात वाळते.

गव्हाणी घुबडाला मात्र कॅलेंडर लावता येत नाही. उंदीर असतील तर ते वर्षातून केव्हाही बसतं. खरिपाची रास पडल्यावर आणि रब्बीच्या हरभरा-गव्हात उंदीर वाढले की जोडी लागोपाठ दोन विणीही उरकते. चार ते सात अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि पहिल्या अंड्यापासूनच मादी बसते. त्यामुळे एकाच पेटीत मोठं पिलू आणि कालच फुटलेलं पिलू अशी उतरंड असते. पहिलं अंडं ते शेवटचं पिलू उडणं यात सुमारे साडेतीन महिने जातात. म्हणून तारीख पाहायची नाही, पेटी पाहायची. तिच्याखाली जमिनीवर गोणपाट अंथरून ठेवावा. सलग तीन आठवडे त्यावर नवी काळी, ओलसर, चकाकणारी गोळी पडली नाही आणि दिवे लागण्याच्या वेळी दोन वेगवेगळ्या संध्याकाळी पेटीतून घोरल्यासारखा, वाफ सोडल्यासारखा ‘श्श्श’ आवाज आला नाही, तरच शिडी लावावी. तो आवाज म्हणजे भुकेली पिलं. तो ऐकूनही पेटी उघडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्याची अंडी आणि घरटं विस्कटणं हेही शिकारीतच मोडतं.

साफसफाईची वेळ सूर्य मावळायच्या तासभर आधीची धरावी. सकाळी पेटी उघडली आणि आतलं घुबड बाहेर पडलं तर कावळे त्याला दिवसभर टोचून हैराण करतात. संध्याकाळी ते थोड्याच वेळात अंधारात निघून जातं. मोठं पाखरू आत बसलेलं दिसलं तर दार लोटून खाली उतरावं, पुढच्या महिन्यात पाहावं. आधी टॉर्चने आत नीट बघावं. गांधीलमाशीचं पोळं किंवा सातेरी मधमाश्या असू शकतात. धामण आणि मांजऱ्या सापही वर चढतात. शिडी धरायला दुसरा माणूस हवाच.

तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. हे शोभेसाठी नाही. पक्ष्यांच्या जुन्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात जातात. म्हणून खरवडण्याआधी फवारणीच्या छोट्या पंपाने केरावर पाणी मारावं. धूळ बसेल एवढंच, चिखल होईल इतकं नाही. पंप मात्र कोरा हवा. औषधाचा पंप कितीही धुतला तरी तो वापरू नये. मग गवंड्याच्या थापीने किंवा खुरप्याने केर घमेल्यात ओढावा. पिंगळ्याच्या पेटीत तो फार नसतो. त्याचा आहार मुख्यतः किड्यांचा, त्यामुळे गोळ्या लहान आणि भुंगेऱ्यांच्या टरफलांनी भरलेल्या असतात. गव्हाणीच्या पेटीतून मात्र एका वर्षात घमेलंभर माल सहज निघतो.

सगळा केर काढू नये. गव्हाणीच्या पेटीत तळाशी दोन-तीन सेंटिमीटर कोरडा भुगा राहू द्यावा. अंड्यांना बसायला गादी राहते आणि भुंगेऱ्यांचं बियाणंही राहतं. पिंगळ्याच्या पेटीत जुनं सगळं काढून चार-पाच सेंटिमीटर जाडीचा रंध्याचा भुसा, म्हणजे रंधा मारताना निघणारी कुरळी साल घालावी. करवतीचा बारीक भुसा पाणी धरतो आणि आकसून दगडासारखा होतो. कडब्याची कुट्टी किंवा गवत तर अजिबात नको. पावसाळी हवेत त्याला बुरशी येते आणि ती पिलांच्या श्वासनळीत बसते. काढलेला केर उकिरड्यात पुरावा, चांगलं खत होतं. त्याआधी कोरड्या चार-दोन गोळ्या गावातल्या शाळेला द्याव्यात. मोजे घालून त्या फोडल्या की उंदराच्या पिवळट-नारिंगी पुढच्या दातांच्या कवट्या आणि चिचुंद्रीच्या चिमुकल्या जबड्यांची हाडं वेगवेगळी निघतात. घुबड काय खातं हे सांगणारा एवढा स्वस्त धडा दुसरा नाही.

साफसफाई महत्त्वाची का, याचं खरं कारण स्वच्छता नसून खोली आहे. गव्हाणी घुबडाच्या पेटीत तळापासून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ४५ सेंटिमीटर अंतर हवं. तीन-चार वर्षं केर साचू दिला तर तळ दहा-पंधरा सेंटिमीटर वर येतो. मग पंख न फुटलेलं पिलू भुकेने भोकापर्यंत चढतं आणि खाली पडतं. गव्हाणी घुबडाचे आई-बाप जमिनीवर पडलेल्या पिलाला सहसा खाऊ घालत नाहीत, वर शेजारीच त्याची भावंडं खात असली तरी. असं पिलू सापडलं तर जखम नाही ना ते पाहून लगेच पेटीत परत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. दूध, पाणी, भात तोंडात कोंबू नये.

फिनेल, डांबर गोळ्या, क्लोरपायरीफॉस, मेलाथिऑनची पावडर, धूर या सगळ्यांबद्दल एकच सांगणं आहे, यातलं काहीही पेटीत जाता कामा नये. अळ्या दिसल्या की हात आपसूक पावडरीकडे जातो, ते आम्हाला समजतं. पण त्या पावडरीने आधी भुंगेरे मरतात. माशा बाहेरून पुन्हा येतात, त्यांच्या अळ्या खाणारं मात्र कोणी उरत नाही. केस आणि मांस तसंच ओलं पडून राहतं, अमोनियाचा उग्र वास कोंडतो आणि पेटी खरोखर सडते. शिवाय बंद खोक्यात ते विष पिलांच्या पोटात आणि श्वासात जातं. पिलू आजाराने मेलं असेल, अशा वेळीच पेटी उकळत्या पाण्याने घासावी. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ठेवून तीन वेळा धुवावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात उघडी ठेवावी. एरवी मराठवाड्याचं एक दिवसाचं ऊन पुरेसं आहे.

मुळात पेटीच नीट बनली असेल तर निम्मी साफसफाई वाचते. सुताराला सांगायचं ते एवढंच. १२ ते १८ मिलिमीटरचा बाहेरच्या कामाचा प्लाय घ्यावा, पत्रा नको. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत पिलं भाजून निघतात. गव्हाणीसाठी तळ ६० बाय ६० सेंटिमीटर, भोक १३ बाय १३. पिंगळ्यासाठी तळ २० ते २५ सेंटिमीटर, उंची ३५ ते ४०, भोक साडेसात सेंटिमीटर. तळाला पाच-सहा ठिकाणी ८ मिलिमीटरची भोकं पाडावीत म्हणजे ओल झिरपून जाईल. छताखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी बोटभर फट ठेवावी. छताला उतार हवा आणि ते पुढे आठ-दहा सेंटिमीटर आलेलं असावं. आतून रंग नाही, वॉर्निश नाही, आणि आतली पुढची भिंत गुळगुळीत नको, खरवडलेली हवी म्हणजे पिलांना चढायला धर मिळतो. पेटीचं दार मात्र लोक हमखास चुकवतात. ते वरून झाकणासारखं केलं तर शिडीवर उभं राहून आत वाकावं लागतं आणि केर निघत नाही. दार बाजूला, तळाला लागून असावं आणि कडी बाहेरून पक्की असावी. भोकाबाहेर बसायला काठी लावू नये. घुबडाला ती लागत नाही, कावळ्याच्या मात्र सोयीची होते.

गव्हाणीची पेटी जमिनीपासून किमान तीन मीटर उंच, भोक पूर्वेला किंवा उत्तरेला, दुपारनंतर तिच्यावर चिंचेची किंवा कडुनिंबाची सावली पडेल अशी. पश्चिमेचं तोंड टाळावं. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या कितीतरी गावांत दगडमातीची माळवदं जाऊन सिमेंटची घरं आली. जुन्या भिंतींतली भोकं, कोनाडे, धाब्याखालच्या सांदी पिंगळ्यांच्या हक्काच्या होत्या. तिथे आता पेटीच लागेल. या गावांनी शाळेच्या आवारातल्या झाडांपासून सुरुवात करावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

ज्या शेतात पेटी आहे तिथे ब्रोमाडायोलोनची वडी टाकू नये. हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच पहिला सापडतो. त्याच्या यकृतातलं विष पिलांपर्यंत पोचतं. पेटीत एकाच आठवड्यात दोन-तीन पिलं अंगावर जखम नसताना मेलेली सापडली तर आधी शेजारच्या बांधावर कुणी वडी टाकली का ते विचारावं, मग पेटीला दोष द्यावा. सापळे आणि बिळात पाणी सोडणं हे उपाय पेटीबरोबर चालतात. शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांना पेरणीआधीच हे सांगून ठेवलेलं बरं.

आणि साफसफाई झाली की दाराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने तारीख लिहावी, केर किती सेंटिमीटर निघाला तेही. पुढच्या वर्षी दार उघडणारा दुसराच कोणी असला तरी त्याला तळ किती वर आला ते लगेच कळतं.

आपले,
घुबडांच्या पेट्यांची देखभाल करणारे काही शेतकरी आणि पक्षीनिरीक्षक,
जि. परभणी